खंजिरी आणि ग्रामगीता : राष्ट्रसंत तुकडोजी महाराज

प्रास्ताविक

या घटकात आपण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या जीवनाचा व कार्याचा परिचय करून घेणार आहोत. दर्यापूर, अंजनगाव किंवा मूर्तिजापूर परिसरातील एखाद्या गावी आपले वास्तव्य असेल, तर सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आणि भजनी मंडळातील खंजिरी आपणांस नवीन नाही. वाङ्मयाच्या अभ्यासात मात्र महाराजांची भेट होते ती बहुधा ‘ग्रामगीता’ या ग्रंथाच्या रूपाने. ग्रंथ समोर असतो, पण ते वाद्य ऐकू येत नाही. त्यामुळे त्यांच्या रचनेतील पुनरुक्ती, साधे शब्द आणि थेट उपदेश हे काही वाचकांना काव्याचे दोष वाटतात. हा अभिप्राय कितपत ग्राह्य मानावा, हे ठरविण्यासाठी खंजिरीपासून प्रारंभ करणे उपयुक्त ठरेल.

जन्म आणि जडणघडण

महाराजांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. त्यांचे मूळ नाव माणिक. वडिलांचे नाव बंडोजी व आईचे मंजुळाबाई. घरची परिस्थिती गरिबीची होती. त्यांचे औपचारिक शिक्षण प्राथमिक शाळेतील काही इयत्तांपलीकडे गेले नाही. वरखेड येथील आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू होत. ‘तुकड्या’ हे नाव त्यांनीच दिले, असे परंपरा सांगते. भाकरीच्या मागून आणलेल्या तुकड्यांशी या नावाचा संबंध जोडला जातो. पुढे रचनेच्या अखेरीस येणारी नाममुद्रा म्हणून महाराजांनी हेच नाव स्वीकारले. कमीपणा दर्शविणारा एक शब्द त्यांनी आयुष्यभर सन्मानाने मिरविला, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

गुरूंच्या समाधीनंतर किशोरवयीन माणिक शाळा सोडून रानावनांत भटकू लागला. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा ही त्या काळातील त्यांच्या साधनेची ठिकाणे होत. या भ्रमंतीत त्यांनी मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत भजने रचली. वऱ्हाड आणि त्याला लागून असलेल्या मध्य प्रांतात या दोन भाषांचा शेजार जुना आहे. बाजारात, रेल्वेत आणि यात्रेत ऐकलेली हिंदी त्यांच्या श्रोत्यांना परकी नव्हती. त्यामुळे त्यांच्या भजनांना जिल्ह्याची व प्रांताची सीमा फारशी अडली नाही.

खंजिरी : वाद्य आणि वक्ता

आता आपण वाद्याकडे वळू. खंजिरी म्हणजे लाकडाचे एक गोल कडे. त्याच्या एका बाजूस कातडे मढविलेले असते आणि कड्याला पाडलेल्या खाचांत धातूच्या लहान चकत्या बसविलेल्या असतात. एका हाताने धरावयाची व दुसऱ्या हाताने वाजवावयाची, अशी तिची रीत आहे. कातड्यावर थाप पडताच चकत्याही वाजतात. म्हणजे ठेका आणि झंकार एकाच आघातातून निघतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनासभांत वाजणारे टॅम्बोरीन हे याच कुळातील वाद्य आहे. तेथेही ते समूहाला गाण्यात ओढून घेते.

कीर्तनकाराला सामान्यतः मृदंग किंवा तबला वाजविणाऱ्याची, पेटीची आणि टाळकऱ्यांची साथ लागते. खंजिरी वाजविणाऱ्याला साथीसाठी थांबावे लागत नाही. वाद्य झोळीत मावते, उभ्याने वाजविता येते आणि महत्त्वाचे म्हणजे बोलणारा व ठेका धरणारा माणूस एकच असतो. शब्द ठसवावयाचा असेल तेथे तो थाप वाढवितो. विचार करावयास लावायचा असेल तेथे हात थांबवितो. त्या थांबण्यानेही श्रोता सावध होतो. धृपद पुन्हा येते तेव्हा ते श्रोत्यांच्या ओठांवर आलेले असते. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाजवळ मजकूर जपून ठेवण्याचे एकच साधन असते, ते म्हणजे स्मरण. पुनरुक्ती त्या स्मरणाची सोय करते. छापील पानावर जी पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते, तीच ऐकणाऱ्या समूहासाठी मजकूर टिकविण्याची योजना असते.

याच वऱ्हाडात गाडगे महाराज (१८७६–१९५६) श्रोत्यांना वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारून त्यांच्याकडूनच उत्तर वदवून घेत होते. गाडगे महाराजांचा भर संवादावर, तर तुकडोजी महाराजांचा लयीवर होता. दोघांचेही ध्येय लोकशिक्षण हेच होते. या दोन पद्धतींची तुलना आपण स्वतः करून पाहावी.

भजनाचे सामर्थ्य आणि १९४२

१९३५ च्या सुमारास महाराजांनी अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. १९३६ साली ते महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून सेवाग्राम येथे सुमारे महिनाभर राहिले. ग्रामसफाई, खादी, अस्पृश्यतानिवारण आणि व्यसनमुक्ती हे विषय त्यांच्या भजनांत ठळकपणे आले. देव, गुरू आणि गावातील नाली हे तिन्ही विषय एकाच ठेक्यात सांगता येतात, हे त्यांनी दाखवून दिले.

१९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात ऑगस्ट महिन्यात चिमूर व आष्टी येथे मोठा उठाव झाला. या परिसरात महाराजांची भजने पूर्वीपासून गाजत होती आणि उठावामागील प्रेरणांत त्यांची गणना केली जाते. या उठावात गोळीबारात आंदोलक मारले गेले, तसेच संतप्त जमावाच्या हातून सरकारी अधिकारी व पोलीसही मारले गेले. त्यानंतर चिमूरच्या ग्रामस्थांवर, विशेषतः स्त्रियांवर, सैनिकांनी अनन्वित अत्याचार केले. महाराजांना अटक होऊन नागपूर व रायपूर येथील कारागृहांत ठेवण्यात आले; त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांची सुटका झाली.

येथे अभ्यासकासमोर एक अवघड प्रश्न उभा राहतो. समूहाला एका लयीत आणणारे गीत त्या समूहाच्या पुढील कृतीला कितपत उत्तरदायी असते? परकीय सरकारने आपले उत्तर अटकेच्या रूपाने दिले. महाराजांच्या पुढील कार्याकडे पाहिले, तर त्यांचा भर अधिकाधिक शिस्त, प्रार्थना व संघटन यांवर दिलेला दिसतो. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगावी निघाल्या. सकाळचे सामुदायिक ध्यान, सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आणि श्रमदान हा त्यांचा नित्यक्रम ठरला. भजनातून एकत्र आलेल्या माणसांना रोजचे काम मिळाले.

ग्रामगीता

१९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रामगीता’ या ग्रंथात ४१ अध्याय व ४६७५ ओव्या आहेत. ग्रामशुद्धी, ग्राम-आरोग्य, ग्रामशिक्षण, महिलोन्नती अशा विषयांचे विवेचन त्यात येते. ग्रंथासाठी निवडलेला छंद ओवी हा आहे. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, ही ग्रंथरचनेतील ओवीची परिचित घडण. चौथ्या चरणाशी वाचणाऱ्याचा श्वास विसावतो व ऐकणाऱ्याला अर्थ ग्रहण करण्यास क्षणभर अवधी मिळतो. खंजिरीवरील हाताचे थांबणे येथे ओवीच्या विरामाने केले आहे. दीर्घकाळ समूहासमोर भजन करणाऱ्या माणसाने लिहिलेला हा ग्रंथ आहे आणि गावाने एकत्र बसून ऐकावा, या हेतूने तो लिहिलेला आहे. म्हणून त्याचे मूल्यमापन केवळ प्रतिमांची नवलाई शोधून करणे न्याय्य नाही. सर्वच ओव्यांचा दर्जा समान आहे, असेही म्हणता येणार नाही. ज्या ओव्या मोठ्याने वाचल्यावरही केवळ सूचनांची यादी वाटतात, त्यांचे उणेपण मान्य करावे. मात्र हा निर्णय ऐकल्यानंतर घ्यावा.

अखेरची वर्षे

१९५५ सालीच महाराज जपानमधील विश्वधर्म व विश्वशांती परिषदेस उपस्थित राहिले. तेथेही त्यांनी खंजिरीवर भजन सादर केले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना ‘राष्ट्रसंत’ या उपाधीने गौरविले. १९५६ साली स्थापन झालेल्या भारत साधू समाजाचे ते पहिले अध्यक्ष होते. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज येथे त्यांचे निधन झाले. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. शालेय शिक्षण अर्धवट राहिलेल्या माणसाचे नाव आज पदव्यांवर छापले जाते.

समारोप

महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात गुरुकुंजात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, म्हणजे त्यांच्या निर्वाणाच्या वेळी, प्रचंड जनसमुदाय मौन पाळून श्रद्धांजली वाहतो. भजन आणि खंजिरी त्या क्षणी थांबतात. ज्यांनी आयुष्यभर लयीने माणसे एकत्र आणली, त्यांचे स्मरण सामुदायिक शांततेने होते. लयीतील विरामाचे महत्त्व आपण या घटकात पाहिले आहेच. या प्रसंगी तो विराम संपूर्ण समाज पाळतो.

आपले आकलन तपासा

१. खंजिरी या वाद्याच्या रचनेचा व महाराजांच्या लोकशिक्षणाच्या पद्धतीचा संबंध स्पष्ट करा.

२. मौखिक परंपरेत पुनरुक्तीचे कार्य कोणते, ते आपल्या परिसरातील एखाद्या भजनाच्या आधारे लिहा.

३. ‘ग्रामगीते’चा कोणताही एक अध्याय प्रथम मनात व नंतर घरातील मंडळींसमोर मोठ्याने वाचा. दोन्ही अनुभवांतील फरक दहा ओळींत नोंदवा.