देहाची प्रयोगशाळा

समुद्राने आजवर किती जहाजे गिळली, याची मोजदाद करणे कठीण आहे. वादळात सापडून, खडकावर आपटून किंवा युद्धात सुरुंग लागून जहाज बुडते आणि त्याच्याबरोबर माणसे व धनदौलत तळाशी जाते. अशा जहाजांचा शोध घेण्यासाठी पाणबुडे खोल पाण्यात उतरतात. एकोणिसाव्या शतकात या पाणबुड्यांच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट घडत असे. तळाशी काम करीत असताना पाणबुड्या अगदी सुखरूप असे. पण वर येऊन मोकळ्या हवेत श्वास घेतला, की थोड्याच वेळात त्याचे सांधे असह्य दुखू लागत. कोणाचे पाय लुळे पडत, तर कोणी प्राणास मुकत असे. पाण्याने ज्याला सोडले, त्याला हवेने का मारावे? या संकटावर एका पित्याने उपाय शोधला आणि त्याच्या पुत्राने तेच काम पुढे नेले. त्या पुत्राचे नाव जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन. हे थोर शास्त्रज्ञ पुढे भारतात येऊन राहिले आणि भारताचे नागरिक झाले.

हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झाला. घरी त्यांना जॅक म्हणत. त्यांचे वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे शरीरशास्त्राचे नामांकित संशोधक होते. माणूस श्वास कसा घेतो व दूषित हवेचा त्याच्यावर काय परिणाम होतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यासाठी ते कोळशाच्या खाणींत उतरत आणि लहानग्या जॅकलाही बरोबर नेत. एकदा खाणीच्या एका भागात ज्वालाग्राही वायू साचला होता. वडिलांनी जॅकला तेथे उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील एक भाषण म्हणावयास सांगितले. भाषण पुरे होण्याआधीच जॅकला धाप लागली, त्याचे पाय लटपटले आणि तो खाली पडला. जमिनीलगतची हवा मात्र श्वास घेण्याजोगी होती. तो वायू हवेहून हलका असल्यामुळे वर छताशी साचतो, हा धडा मुलाला पुस्तकाशिवाय मिळाला. वडील इतरांवर करावयाचे प्रयोग आधी स्वतःवर करीत. मुलाच्या मनावर या गोष्टीचा कायमचा ठसा उमटला.

पुढे ब्रिटिश आरमाराने पाणबुड्यांच्या विकाराचा प्रश्न जॉन स्कॉट हॉल्डेन यांच्याकडे सोपविला. या विकाराचे मूळ पाण्याच्या दाबात आहे. पुणे जिल्ह्यातील मुळशीच्या धरणाचे उदाहरण घेऊ. त्याच्या जलाशयात कोणी सुमारे दहा मीटर खोल बुडी मारली, तर त्याच्या शरीरावरील दाब काठावरच्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट होईल. आणखी दहा मीटर खाली गेल्यास तो तिप्पट होईल. पाणबुड्याला तेवढ्याच दाबाची हवा नळीतून पुरवावी लागते. त्या हवेतील नत्रवायू दाबामुळे रक्तात व शरीरात विरघळत जातो. सोडावॉटरच्या बाटलीत वायू असाच दाबाखाली कोंडलेला असतो. बाटली एकदम उघडली, की पाणी फसफसून वर येते. पाणबुड्या खोल पाण्यातून झटकन वर आला, तर त्याच्या शरीरातील नत्रवायूचेही असेच बुडबुडे होतात. ते रक्ताच्या वाटा अडवितात आणि माणूस लुळा पडतो.

जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बोकडांना दाबाच्या बंद कोठीत ठेवून पुष्कळ प्रयोग केले. त्यांवरून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की दाब एकदम निम्म्यावर आणला तरी सहसा अपाय होत नाही. त्यापुढे मात्र टप्प्याटप्प्याने थांबत वर यावे. उदाहरणार्थ, तीस मीटर खोलीवर दाब चौपट असतो. तेथून दहा मीटरपर्यंत, म्हणजे दुप्पट दाबापर्यंत वर येण्यास हरकत नाही. पण नंतर ठरलेल्या खोलींवर ठरलेली मिनिटे थांबलेच पाहिजे. किती खोल गेल्यास व किती वेळ राहिल्यास कोठे किती थांबावे, याची कोष्टके त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०८ साली प्रसिद्ध केली. पाण्यात उतरण्यापूर्वीच परत येण्याचा हिशेब मांडून ठेवावा, ही शिकवण या कोष्टकांनी दिली.

तत्पूर्वी, १९०६ च्या उन्हाळ्यात, या हिशेबाची परीक्षा स्कॉटलंडच्या थंड समुद्रात झाली. आरमाराच्या जहाजावरून डॅमंट व कॅटो हे दोघे सुमारे ६४ मीटर खोल जाऊन सुखरूप परत आले. वडिलांबरोबर आलेला जॅक त्या वेळी तेरा वर्षांचा होता. त्यालाही पाणबुड्याचा पोशाख चढवून पाण्यात सोडण्यात आले. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा असल्याने मनगटाशी सैल होता. तेथून थंडगार पाणी आत शिरू लागले आणि हळूहळू छातीपर्यंत चढले. मुलगा थंडीने कुडकुडला, पण घाबरला नाही. हवेची झडप सांभाळीत त्याने नेमलेला वेळ पुरा केला आणि मगच तो वर आला.

त्या कोष्टकांचे मोल लवकरच जगाला कळले. पहिल्या महायुद्धात, २५ जानेवारी १९१७ रोजी, लॉरेन्टिक नावाचे ब्रिटिश जहाज आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याजवळ सुरुंगाला लागून बुडाले. साडेतीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि सोन्याच्या ३,२११ विटा सुमारे चाळीस मीटर खोल पाण्यात गेल्या. त्या काढण्याची कामगिरी डॅमंट यांच्यावर आली. पाणी अतिशय थंड होते. वादळांनी जहाजाचा सांगाडा चेपून गेला होता. पण कोणी किती वेळ तळाशी राहावयाचे आणि कोठे थांबत वर यावयाचे, हे आधीच ठरलेले असे. त्या शिस्तीने काम करून डॅमंट यांच्या तुकडीने १९२४ सालापर्यंत ३,१८६ विटा बाहेर काढल्या. या कामात एकही पाणबुड्या दगावला नाही. ही गोष्ट त्या सोन्याहूनही मोलाची होती.

इकडे जॅक ऑक्सफर्डचा पदवीधर होऊन महायुद्धात सैनिक म्हणून लढत होता. युद्धात शत्रूने विषारी वायू सोडला, तेव्हा वडिलांबरोबर त्यानेही मुखवट्यांच्या परीक्षेसाठी तो वायू स्वतः हुंगून पाहिला. मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर त्याला उपचारासाठी भारतात आणण्यात आले. या देशाशी त्याची पहिली ओळख झाली ती अशी. युद्धानंतर हॉल्डेन यांनी अध्यापन व संशोधन यांना वाहून घेतले. आईबापांचे गुण मुलांत कसे उतरतात, हे सांगणाऱ्या आनुवंशिकीत त्यांनी गणिताचा उपयोग केला आणि जगातील अग्रगण्य शास्त्रज्ञांत त्यांची गणना होऊ लागली.

१९३९ साली समुद्राने त्यांना पुन्हा हाक दिली. १ जून रोजी थेटिस नावाची नवी ब्रिटिश पाणबुडी चाचणीसाठी लिव्हरपूलजवळच्या समुद्रात गेली. तिच्यावर १०३ माणसे होती. पुढच्या भागात पाणी शिरले आणि तिचे नाक तळाच्या चिखलात रुतले. चौघे जण कसेबसे बाहेर पडले. उरलेले ९९ जण आतच मरण पावले. त्यांत नाविकांप्रमाणे पाणबुडी बांधणारे कामगारही होते. ही माणसे कशाने मेली, त्यांना वाचविता आले असते काय, हे शोधून काढण्याची विनंती कामगार संघटनांनी हॉल्डेन यांना केली.

हॉल्डेन यांचे वय तेव्हा सेहेचाळीस होते. केवळ कागदावर मत लिहून देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. लंडनमधील एका कारखान्यात पोलादाची हवाबंद कोठी होती. तिच्यात ते अनेक तास कोंडून बसले. धोका समजून घेऊन स्वखुशीने पुढे आलेले सहकारीही अशा प्रयोगांत सामील झाले. त्यांतील काही जण स्पेनच्या यादवी युद्धात लढलेले होते. उच्छ्वासातून बाहेर पडणारा कर्बवायू कोठीत वाढू लागला. धाप लागली, डोकी ठणकू लागली, विचार करणे जड झाले. बुडालेल्या पाणबुडीतील माणसांची शक्ती व बुद्धी या वायूनेच हरण केली असली पाहिजे, हे त्यांच्या लक्षात आले. सुटकेचा प्रयत्न करावयाचा तो डोके शाबूत आहे तोवरच केला पाहिजे, असा धडा त्यातून मिळाला.

दुसऱ्या महायुद्धात आरमारासाठी त्यांनी हे प्रयोग वाढविले. दाब दहापट झाला असता मनुष्य साधी गणितेही चुकतो आणि उगाच हसू लागतो, असे दिसून आले. थंडीची त्यात भर पडली तर काय होते, हे पाहण्यासाठी हॉल्डेन बर्फाच्या पाण्यात पडून राहिले. त्या वेळी त्यांची शुद्ध हरपली. दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतल्यास झटके येतात, हेही त्यांनी स्वतःवर अनुभवले. अशाच एका झटक्यात त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि ते दुखणे त्यांना जन्मभर पुरले. हे धाडस अविचाराचे नव्हते. प्रत्येक प्रयोगापूर्वी दाब, वेळ व वायूचे प्रमाण ठरविलेले असे. बाहेर पहारा असे आणि प्रत्येक गोष्टीची नोंद होत असे. या नोंदींमुळे थंड व खोल पाण्यात किती उतरावे आणि कोठे थांबावे, याच्या मर्यादा अधिक स्पष्ट झाल्या. पुढील संशोधकांनी जुन्या कोष्टकांत सुधारणा करून अधिक सावध नियम घालून दिले. तरी टप्प्याटप्प्याने वर येण्याचे मूळ तत्त्व आजही पाणबुडे पाळतात.

१९५६ साली ब्रिटनने सुएझ कालव्यावरून इजिप्तवर केलेला हल्ला हॉल्डेन यांना मुळीच पटला नाही. १९५७ साली ते पत्नी हेलन स्पर्वे यांच्यासह भारतात आले. हेलन याही शास्त्रज्ञ होत्या आणि दाबाच्या प्रयोगांत त्यांनीही भाग घेतला होता. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आणि नंतर भुवनेश्वर येथे हॉल्डेन यांनी तरुण संशोधक घडविले. ते धोतर व कुडता वापरीत आणि शाकाहार घेत. संशोधनासाठी नेहमीच महागडी यंत्रे लागतात असे नाही. डोळे, वही व पेन्सिल यांनीही पुष्कळ साधते, असा त्यांचा विश्वास होता. नारळाच्या झावळ्या खोडावर डाव्या वळणाने लागतात की उजव्या, यासारख्या साध्या वाटणाऱ्या प्रश्नांच्या अभ्यासालाही त्यांनी उत्तेजन दिले.

१ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. आपल्या मृत्यूनंतर देहाचे काय करावे, याची व्यवस्था त्यांनी आधीच करून ठेवली होती. त्यांच्या इच्छेप्रमाणे तो देह आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथील वैद्यकीय महाविद्यालयाकडे विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी पाठविण्यात आला. तेराव्या वर्षी थंड पाण्यात उतरलेला तो देह अखेरपर्यंत ज्ञानाच्याच कामी आला.