संग्रहालयाचे चिटणीस भाऊ दाजी

कमाटीबागेतील संग्रहालय न पाहिलेला बडोदेकर विरळा. ती इमारत १८९४ साली पुरी झाली. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी मनावर घेतले, दौलतीचा खजिना पाठीशी उभा राहिला आणि आपल्या शहराला संग्रहालय मिळाले. जेथे राजा रसिक असतो तेथे प्रजेला अशा कामासाठी दारोदार हिंडावे लागत नाही. मुंबईला असा राजा नव्हता. तेथे राज्य इंग्रजांचे, वस्ती नाना धर्मांची आणि नाना भाषांची, व्यवहार सारा रोकडा. अशा शहरात आपल्या आधी बावीस वर्षे संग्रहालय उघडले, ते काही गृहस्थांच्या चिकाटीमुळे. त्यांतील एक डॉ. भाऊ दाजी लाड. भाऊंची विद्वत्ता सर्वश्रुत आहे. त्यांची चिटणिशी मात्र फारशी कोणी आठवीत नाही. आज तीच सांगावयाची आहे.

रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्यांचे मूळ नाव. वडिलांना दाजी म्हणत, त्यावरून मुलगा भाऊ दाजी झाला. जन्म गोव्याच्या पेडणे महालातील मांद्रे गावचा, एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातला. घरची स्थिती बेताची. मुलाचे बुद्धिबळातील कसब पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्यास इंग्रजी विद्या देण्याचा सल्ला वडिलांना दिला आणि कुटुंब मुंबईस आले, अशी हकीकत सांगतात. एल्फिन्स्टन विद्यालयात शिक्षण झाले. काठेवाड व कच्छ प्रांतांतील बालहत्येच्या चालीवर त्यांनी निबंध लिहिला, त्यास बक्षीस मिळाले. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली जी पहिली तुकडी बाहेर पडली तीत भाऊ होते. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर झाले. शिवाय छायाचित्रणाच्या नव्या कलेत त्यांनी चांगले नाव मिळविले. दोघा भावांनी गोरगरिबांना मोफत औषध देण्याचा परिपाठ ठेवला होता.

भाऊंच्या पुढील कामाचे मर्म या वैद्यकीत आहे. वैद्याला सर्व घरांची दारे उघडी असतात. पारशी, भाटिये, कोकणी मुसलमान, बगदादी यहुदी, पाठारे प्रभू, शेणवी, सर्वांचा मुंबईत आपापला मोहल्ला आणि आपापला अभिमान. एकाच्या पंगतीस दुसरा बसावयाचा नाही, असा तो काळ. परंतु नाडी पाहणाऱ्या हाताला हे सोवळे आड येत नसे. १८६२ च्या प्रसिद्ध महाराज खटल्यात करसनदास मुळजींच्या बाजूने भाऊंनी वैद्य या नात्याने साक्ष दिली. बड्या धर्मगुरूंविरुद्ध साक्ष देणे सोपे नव्हते. या वैद्याचा शब्द सर्व समाजांत चालत असे, हे त्यावरून दिसते.

आता संग्रहालयाकडे वळू. लंडनचे १८५१ चे आणि पॅरिसचे १८५५ चे, अशा दोन जंगी प्रदर्शनांसाठी हिंदुस्थानातील कारागिरीचे नमुने गोळा करण्यात आले होते. त्यांच्या जोडप्रती आणि इतर वस्तू मिळून मुंबईच्या कोटातील टाउन बराकीत एक छोटे सरकारी संग्रहालय थाटले गेले. डॉ. जॉर्ज बुइस्ट त्याचे पहिले व्यवस्थापक. परंतु १८५७ चे बंड उसळले आणि फौजेसाठी बराकी तातडीने हव्या झाल्या. वर्षानुवर्षे जमविलेले सामान भराभर बाहेर काढण्यात आले आणि त्यात पुष्कळशी मोडतोड झाली. जे उरले ते डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी टाउन हॉलमध्ये नेऊन कसेबसे सांभाळले.

सरकारच्या जागेत ठेवलेला संग्रह सरकारची गरज बदलताच रस्त्यावर येतो, हा धडा मुंबईकरांनी त्या वर्षी घेतला. संग्रहालयाला स्वतःची इमारत हवी आणि त्याच्यामागे नागरिक हवेत. १८५८ च्या डिसेंबरात जाहीर सभा भरली व विक्टोरिया राणीच्या नावाने संग्रहालय आणि बाग उभारण्याचे ठरले. समितीचे अध्यक्ष नाना शंकरशेट, चिटणीस दोघे : बर्डवुड आणि भाऊ दाजी. राणीचे नाव घातले की सरकारही प्रसन्न आणि देणगीदारही प्रसन्न, हे व्यवहारचातुर्य त्यात होतेच.

चिटणिशी म्हणजे काय, हे ज्याने एखादे गायनसमाजाचे किंवा वाचनालयाचे काम चालविले आहे त्यालाच कळेल. पैसे देऊ म्हणणारे पुष्कळ. ते वसूल करणे निराळे. कोणाचे नाव यादीत आधी घालावे यावरूनही रुसवे होतात. बडोद्यात ज्यांनी बैठकी ऐकल्या त्यांना ठाऊक आहे की टाळी गवयाला मिळते, तंबोऱ्याला नाही; पण तंबोरा उतरला तर सारे गाणे उतरते. समितीच्या कामात चिटणिसाची जागा तंबोऱ्याची.

नागरिकांची वर्गणी लाखाच्या पुढे गेली. डेव्हिड ससून या यहुदी शेठजींनी राणीचे यजमान प्रिन्स अल्बर्ट यांचा संगमरवरी पुतळा दिला; त्याच्यावर इंग्रजीबरोबर हिब्रू लिपीतही लेख कोरलेला आहे. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी भायखळ्यास पाया घातला. सर्व काही सुरळीत चालले होते.

आणि १८६५ साली शेअरबाजार कोसळला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या पैशाचा जो पूर आला होता तो युद्ध संपताच ओसरला. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. भाऊही त्यात सापडले आणि आयुष्याची कमाई गमावून बसले. त्याच वर्षी नाना शंकरशेट वारले. काम रखडले. अखेर सरकारला हात द्यावा लागला, कारण एकूण खर्च चार लाख रुपयांच्या वर गेला होता. बर्डवुड १८६८ साली प्रकृतीच्या कारणाने विलायतेस परतले. २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांसाठी उघडले, तेव्हा त्या त्रयीपैकी मुंबईत भाऊ दाजी एकटेच उरले होते.

या सगळ्या वर्षांत त्यांचे संशोधन थांबले नव्हते. अजिंठ्याचे लेख त्यांनी वाचले, कालिदासाच्या कालनिर्णयावर लिहिले, नाणी व पोथ्या जमविल्या. कुष्ठरोगावर कडू कवठीच्या तेलाचे प्रयोग केले. १८६९ व १८७१ अशी दोन वर्षे ते मुंबईचे शेरीफ झाले. जुनागडचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांस त्यांनी आपल्याजवळ आणले आणि शिलालेखांचे ठसे घेण्यासाठी देशभर पाठविले. गोव्याचा मराठी वैद्य आणि काठेवाडचा गुजराती पंडित, अशी ती जोडी आम्हां बडोदेकरांना विशेष जवळची वाटावी. भगवानलाल दूरच्या प्रवासात असताना इकडे भाऊंना अर्धांगवायूने गाठले, आणि ३१ मे १८७४ रोजी ते निवर्तले. संग्रहालय उघडून पुरती दोन वर्षे होऊन गेली होती, इतकेच.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात त्या दालनांत मुंबईच्या नाना जातिजमातींच्या मातीच्या प्रतिमा, त्यांची पागोटी, त्यांचे धंदे, शहराचे नकाशे, गलबतांच्या प्रतिकृती मांडल्या गेल्या. इमारत लहानच, परंतु रस्त्यात एकमेकांना टाळून जाणारे शेजारी तेथे एका छपराखाली आले. मध्यभागी अल्बर्ट साहेबांचा पुतळा होता, दारावर विक्टोरिया राणीचे नाव होते. भाऊंचे नाव मात्र नव्हते. ते १ नोव्हेंबर १९७५ रोजी, म्हणजे एकशे तीन वर्षांनी लागले. तरीही वास्तू जीर्ण होत गेली. २००३ साली महानगरपालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून जीर्णोद्धार हाती घेतला, २००५ साली त्यास युनेस्कोचे पारितोषिक मिळाले आणि २००८ साली दालने पुन्हा उघडली. नाव दिल्याने वास्तू तगत नाही, सांभाळणारे हात लागतात, हे पुन्हा एकदा सिद्ध झाले.

आपल्याकडे आता दौलत राहिली नाही. जुन्या मराठी घरांतील पेट्यांत सनदा आहेत, दरबारी पागोटी आहेत, कलावंतांच्या वह्या आहेत. शेजारच्या गुजराती, पारशी आणि मुसलमान घरांतही तितकेच मोलाचे काही असेल. घर बदलताना, भाऊबंदकीत, रंगरंगोटीत या वस्तू बाहेर पडतात, आणि त्यांची गत टाउन बराकीतील सामानासारखी होते. त्यांना एकत्र आणावयाचे तर खजिना पुढे यावयाचा नाही. कोणीतरी वही घेऊन, सर्व मोहल्ल्यांची दारे ठोठावीत, चिटणीस व्हावे लागेल.