गोळ्यांच्या रावळगावचा मालक आणि कुर्ल्यात तयार झालेल्या अमेरिकन गाड्या : वालचंद हिराचंद यांची गोष्ट

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने निघालं की तासाभरात मालेगाव येतं. त्याच तालुक्यात आहे रावळगाव. हो, तेच गोळ्यांचं रावळगाव. पान पसंद खाल्ली नाही असं पोरगं खानदेशात शोधून सापडायचं नाही. पण १९३३ साली ज्यांनी रावळगावचा साखर कारखाना उभा केला, त्याच माणसाने पुढे कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथसारख्या गाड्याही बाहेर काढल्या, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

त्यांचं नाव वालचंद हिराचंद दोशी. जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर. घरचा धंदा कापूस आणि सावकारीचा. वालचंद यांचा त्यात जीव रमला नाही. त्यांनी रेल्वेची कंत्राटं घेतली, त्यातून बांधकाम कंपनी आली. पहिलं महायुद्ध संपलं तसं १९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून लॉयल्टी नावाचं जहाज विकत घेतलं आणि थेट इंग्रज जहाज कंपन्यांशी पंगा घेतला. ते जहाज ५ एप्रिलला निघालं, म्हणून आजही तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन.

आता गाड्यांकडे येऊ.

१९३० च्या दशकात भारतात मोटारी होत्या, पण त्या बाहेरच्यांच्या. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत सुटे भाग आणून गाड्या जोडायची. इथे पूर्ण कारखाना हवा, असं हट्टाने मांडणारे होते सर विश्वेश्वरय्या. (त्यांचंही खानदेशाशी नातं आहे बरं का. १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात नोकरीला लागल्यावर त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांतलं एक होतं धुळे भागातल्या पांझरेच्या पाण्याचा सायफन.) त्यांनी परदेशातले कारखाने पाहून योजना तयार केली. मुंबईतल्या बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस सरकारने मदतीची तयारी दाखवली. पैसा आणि धावपळ वालचंद यांची.

१९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी बोलणी पुढे सरकली. आणि नेमकं तेव्हाच दुसरं महायुद्ध पेटलं. भारताला न विचारता युद्धात ओढलं म्हणून खेर सरकारने राजीनामा दिला. हातातली मदत गेली. दिल्लीतल्या इंग्रज सरकारचं म्हणणं असं, की मोटार कारखाना युद्धासाठी गरजेचा नाही. यंत्रं आणायला परवानगी नाही, डॉलर नाहीत. लष्कराला ट्रक मात्र हजारोंनी लागत होते, ते बाहेरून येत होते. हे कारण किती खरं होतं, ते यावरूनच समजतं.

गंमत म्हणजे त्याच अमेरिका दौऱ्याच्या विमानप्रवासात वालचंद यांना विल्यम पॉली नावाचा विमान उद्योजक भेटला. त्या ओळखीतून डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली. आजची एचएएल ती हीच. गाडी आणायला गेलेला माणूस विमान घेऊन आला.

तिकडे अमेरिकेत फेब्रुवारी १९४२ मध्ये सामान्य लोकांसाठी मोटारी बनवणंच बंद झालं. क्रायस्लर रणगाडे बनवू लागली. इंग्लंडमध्ये रोल्स-रॉइसचा क्रू इथला कारखाना लढाऊ विमानांच्या मर्लिन इंजिनांना जुंपला होता. १९४५ मध्ये युद्ध थांबल्यावर सगळ्यांनाच गाड्या हव्या होत्या आणि नवं डिझाइन करायला वेळ कुणाकडेच नव्हता. म्हणून अमेरिकन कंपन्यांनी १९४२ चेच साचे पुसून काढले, समोरची जाळी बदलली आणि १९४६ चं मॉडेल म्हणून विकलं. रोल्स-रॉइसने त्याच वर्षी सिल्व्हर रेथ आणली.

या कंपन्या बंद पडलेलं काम पुन्हा सुरू करत होत्या. वालचंद यांचं तर सुरूच झालं नव्हतं. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स नोंदवली, कुर्ल्यात जागा घेतली. मार्च १९४७ मध्ये पहिली गाडी बाहेर आली. स्वातंत्र्याला पाच महिने बाकी होते.

ती गाडी कोणासाठी होती, हा प्रश्न मात्र टोचतो. डॉज, प्लिमथ, डिसोटो या लांबलचक, सहा सिलिंडरच्या गाड्या. अमेरिकेत प्लिमथ म्हणजे नोकरदार कुटुंबाची गाडी. भारतात तीच संस्थानिक, गिरणीमालक आणि बड्या वकिलांच्या दारात शोभायची. शिवाय सुरुवातीला बहुतेक भाग पेटीबंद होऊन अमेरिकेतूनच यायचे, इथे जोडले जायचे. स्वदेशी म्हणावं तर अर्धवटच. पण जोडता जोडता भाग इथे बनवायला शिकणं हाच वालचंद यांचा हिशेब होता, आणि तो चुकला असं म्हणता येत नाही. १९५३ मध्ये सरकारने फक्त जोडणी करणाऱ्यांना इथे थारा नाही असं धोरण घेतलं, तेव्हा जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली. कुर्ल्याचे डॉज आणि फार्गो ट्रक तर गाड्यांपेक्षा जास्त कामाचे ठरले.

वालचंद यांना हे बघायला मिळालं नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कामातून बाजूला झाले. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं.

पुढच्याच वर्षी कुर्ल्यात इटलीच्या फियाटच्या परवान्यावर छोटी फियाट ११०० बनायला लागली. ही गाडी डॉक्टर, मास्तर, दुकानदार घेऊ शकत होते, निदान वर्षानुवर्षं नंबर लावून. १९७० च्या दशकात तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.