तळघरातले कमांडर रोशफोर्ट



स्मरणिकेसाठी आवडत्या व्यक्तीवर लिहायचं ठरलं, तेव्हा बाबा आमटेंवर निदान चार लेख येणार हे गृहीत धरलं. मी पडले संगणकवाली, म्हणून माझा माणूस जरा लांबचा आहे. जोसेफ रोशफोर्ट, अमेरिकेच्या नौदलातले अधिकारी. जन्म १९००, मृत्यू १९७६. दुसऱ्या महायुद्धात जपानी नौदलाचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या हवाई बेटांवरच्या गटाचे ते प्रमुख होते.

हायस्कूल पुरं न करताच ते नौदलात शिरले. (हे वाक्य गुरुजनांनी गाळून वाचावं.) शब्दकोडी आणि ब्रिज यांत डोकं चांगलं चालतं, एवढ्यावरून १९२५ मध्ये त्यांना गुप्तलिपीच्या कामावर घेतलं गेलं. पुढे १९२९ पासून तीन वर्षं जपानमध्ये राहून त्यांनी भाषा शिकली. संकेतही येतात आणि जपानीही, असे अधिकारी तेव्हा फार थोडे होते.

७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि तो आधी कळला नाही, ही सल रोशफोर्ट यांना कायम राहिली. त्यांचं ऑफिस तिथल्याच एका तळघरात होतं. थंडीमुळे कपड्यांवर जुनं जाकीट आणि पायात सपाता घालून ते दिवसरात्र काम करत. माणसं कमी पडली, तेव्हा हल्ल्यात बुडालेल्या 'कॅलिफोर्निया' युद्धनौकेच्या बँडमधले वादक पंचकार्डांच्या यंत्रांवर बसवले. त्यांनी ते काम उत्तम केलं.

आता थोडं गणित. जपानी संकेत असा होता: प्रत्येक शब्दाला पाच अंकी आकडा. त्यात दुसऱ्या पुस्तकातला आकडा मिळवायचा, पण हातचा न घेता. समजा शब्दाचा आकडा ४१७०३ आणि मिळवायचा आकडा २८९६४, तर जाणार ६९६६७. संदेश पोचताना चूक झाली तर ओळखता यावी म्हणून शब्दाचा प्रत्येक आकडा तीनने भाग जाणारा ठेवला होता. हीच सोय जपान्यांना भोवली. मिळवलेला आकडा अंदाजाने वजा करून पाहायचा. उरलेल्या आकड्यांना सतत तीनने भाग जाऊ लागला की अंदाज बरोबर. पाचवीत अंकांची बेरीज करून तीनची कसोटी घोकताना तिचा हा उपयोग आपल्याला कुठे ठाऊक होता!

बरेचसे शब्द तरीही फुटत नसत. मग कोणतं केंद्र कोणाशी, कुठून, किती बोलतंय, त्यावरून अंदाज बांधायचा. ताडोबात हिंडलेल्यांना हे सांगायला नको. वाघ दिसत नाही, पण आधी वानर, मग चितळ, मग पलीकडून सांबर ओरडतं आणि वाघ कुठून कुठे निघालाय ते गाइड सांगतो.

१९४२ च्या मे महिन्यात संदेशांत 'एएफ' या ठिकाणावर मोठ्या हल्ल्याची तयारी दिसू लागली. एएफ म्हणजे मिडवे बेट, असं रोशफोर्ट म्हणत. वॉशिंग्टनमधल्या वरिष्ठ कार्यालयाला ते पटेना. गटातल्या जॅस्पर होम्स यांनी तोडगा सुचवला. मिडवेला समुद्राखालच्या तारेने गुपचूप कळवलं, की तुमचं पाणी गोडं करायचं यंत्र बिघडलंय असं साध्या भाषेत रेडिओवर सांगा. लवकरच जपानी संदेशात आलं, एएफवर पाण्याची टंचाई आहे. ४ जूनला जपानी ताफा मिडवेशी आला तेव्हा ॲडमिरल निमिट्झ यांची जहाजं दबा धरून बसली होती. जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या.

निमिट्झ यांनी रोशफोर्ट यांच्यासाठी विशिष्ट सेवा पदकाची शिफारस केली. वॉशिंग्टनने ती फेटाळली, श्रेय स्वतःकडे घेतलं आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना हवाईतून हलवलं. काही काळाने त्यांच्याकडे एका तरंगत्या गोदीचा ताबा आला. वीसेक वर्षं ऑफिसांत काढल्यावर, श्रेय असं कसं सरकतं हे मला कुणी समजावून द्यायला नको. पण इथे आणखी एक अडचण होती. सगळं काम गुप्त, त्यामुळे ज्यांना खरं ठाऊक होतं त्यांच्या तोंडाला कुलूप. निमिट्झ यांनी १९५८ मध्ये पुन्हा प्रयत्न केला, तोही फुकट गेला.

कागद खुले होऊ लागले तशी ती म्हातारी माणसं बोलू लागली. पण तोवर रोशफोर्ट नव्हते. होम्स यांचं पुस्तक १९७९ मध्ये आलं. निमिट्झ यांचे गुप्तवार्ता अधिकारी एडविन लेटन यांचं १९८५ मध्ये, लेटन स्वतः गेल्यानंतर. आणि डोनाल्ड शॉवर्स. १९४२ मध्ये त्या तळघरात आलेला नवशिका पोरगा, पुढे रिअर ॲडमिरल. जुन्या साहेबांचं पदक त्यांनी सोडलंच नाही; कागद जमवले, नौदलाचा पिच्छा पुरवला. या सगळ्यांनी लिहून ठेवलं नसतं, तर बँडवाल्यांची गोष्टही माझ्यापर्यंत आली नसती.

१९८५ मध्ये पदक मंजूर झालं. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ते रोशफोर्ट यांच्या मुलांच्या हाती दिलं. मिडवेला तेव्हा ४४ वर्षं होत आली होती.