पेशवाई बुडाली, पण बाळंभटदादांचा मल्लखांब टिकला

ज्युदोचा जनक कोण, हे एका क्लिकवर सापडतं. जपानचे जिगोरो कानो, साल 1882. पण आज आपण शाळेच्या गॅदरिंगमध्ये, गणेशोत्सवात जो मल्लखांब बघतो, त्याला हे रूप कोणी दिलं, असं विचारलं तर महाराष्ट्रातही फार कमी लोकांना उत्तर देता येतं.

ते नाव आहे बाळंभटदादा देवधर.

मूळ गाव नाशिक जिल्ह्यातलं गोदाकाठचं कोठुरे. नावात भट असलं तरी माणूस तालमीतला. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी ते व्यायामाचे गुरू होते. तो काळ कुस्तीचा होता. दरबारात मल्ल पोसले जायचे, बाहेरचे पैलवान आव्हान घेऊन यायचे आणि आव्हान कोणी उचललं नाही तर दरबाराची लाज जायची.

असंच एक आव्हान आलं निजामाच्या मुलखातून. अली आणि गुलाब हे दोन नामांकित पैलवान पुण्यात आले. परंपरेने चालत आलेली गोष्ट अशी की, त्यांच्याशी भिडायला कोणी पुढे येईना, तेव्हा तरुण बाळंभटांनी आव्हान स्वीकारलं आणि तयारीसाठी मुदत मागून घेतली. मग ते थेट वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले. तिथे त्यांनी देवीची उपासना केली आणि देवीच्या कृपेने साक्षात मारुतीरायाने त्यांना लाकडी खांबावरचे डाव शिकवले, असं सांगतात. मुदत संपल्यावर बाळंभट पुण्यात परतले, त्यांनी अलीला चीत केलं आणि गुलाबने माघार घेतली.

यातला मारुतीचा भाग श्रद्धेचा. पण खांबाचा भाग समजून घेण्यासारखा आहे.

खांबच का?

कुस्तीचा सराव करायचा तर जोडीदार लागतो. जोडीदार दमतो, त्याला दुखापत होते, रोज तो तितक्याच ताकदीचा मिळेल याची खात्री नसते. खांब दमत नाही. त्याला मांड्यांनी आवळा, बगलेत धरा, उलटं होऊन पायांची अढी मारा, तो जागचा हलत नाही. वर त्याला एरंडेल तेल चोळलेलं असतं. म्हणजे पकड जरा ढिली झाली की माणूस खाली. त्यामुळे हात, मांड्या, पाठ, पोट सगळ्यांनाच एकाच वेळी कामाला लागावं लागतं. पैलवानाला नेमकं हेच हवं असतं.

आता, खांबावर कसरत करण्याची कल्पना काही बाळंभटांची नव्हती. 12व्या शतकातला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख सापडतो. पण मधल्या काही शतकांत ही विद्या मागे पडली होती. बाळंभटदादांनी तिला पुन्हा उभं केलं आणि शिष्य तयार केले. म्हणून त्यांना मल्लखांबाचे आद्यगुरू मानतात.

खरी परीक्षा पुढेच होती.

1818 मध्ये पेशवाई संपली. इंग्रजांनी बाजीरावांना वर्षाला 8 लाखांची पेन्शन देऊन कानपूरजवळ गंगाकाठी बिठूरला पाठवलं. ज्या दरबारासाठी ही विद्या उभी राहिली, तो दरबारच गेला. बाळंभटदादा मात्र बाजीरावांबरोबर बिठूरला गेले आणि तिथेही त्यांनी शिकवणं थांबवलं नाही. नानासाहेब, तात्या टोपे आणि लहानगी मनू, म्हणजे पुढची झाशीची राणी लक्ष्मीबाई, यांनी बिठूरमध्येच मल्लखांबाचे धडे घेतल्याचं सांगितलं जातं. काशीतही या परंपरेचा आखाडा उभा राहिला. कोंडभटनाना गोडबोले यांच्यासारख्या शिष्यांनी ती पुढे नेली. राज्य गेलं, पण गुरूकडून शिष्याकडे विद्या जात राहिली.

विदर्भात ही विद्या रुजवण्यात मोठा वाटा आहे नागपूरपासून साधारण दीडशे किलोमीटरवर असलेल्या अमरावतीचा. 1914 मध्ये अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी तिथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने जर्मनीत भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात मल्लखांबही होता. योगायोग बघा, त्याच सुमाराला जिगोरो कानोही बर्लिनमध्येच होते. 1940 चं ऑलिम्पिक टोकियोला मिळवून देण्यासाठी ते आले होते.

1964 मध्ये ज्युदो ऑलिम्पिकमध्ये गेला. मल्लखांब आजही बाहेर आहे. असं का झालं?

कानो उच्च शिक्षित होते, शिक्षक घडवणाऱ्या सरकारी संस्थेचे प्रमुख होते. जुन्या जुजुत्सूतले डाव निवडून त्यांनी नियम बसवले, दर्जे ठरवले आणि ज्युदो शाळांपर्यंत नेला. बाळंभटदादांच्या पाठीशी होता तो फक्त एक हरलेला पेशवा. त्यांची विद्या तोंडी आणि अंगाअंगातून पुढे गेली. दुसरं म्हणजे, ज्युदोत समोरचा माणूस कायम राहिला. मल्लखांबात खांब आला होता माणसाच्या जागी, कुस्तीची तयारी म्हणून. हळूहळू कुस्ती बाजूला पडली आणि खांबावरची कसरत हाच खेळ झाला.

पण हा खेळ संपला नाही. 2013 मध्ये मध्य प्रदेशने त्याला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केलं. 2019 मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली, तिला 15 देशांचे खेळाडू आले होते. 2024 मध्ये मल्लखांब प्रशिक्षक उदय देशपांडे यांना पद्मश्री मिळाली.

कोठुऱ्याच्या एका वस्तादाने सत्ता गेल्यावरही शिकवणं सोडलं नाही, म्हणून हे सगळं शक्य झालं.