विश्लेषण : डोंगर, समुद्र आणि गंज... जिनोआच्या कोसळलेल्या पुलाचे अभियंते रिकार्डो मोरांडी कोण होते?

इटलीतील जिनोआ शहरात १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुसळधार पावसात महामार्गावरील पूल कोसळला आणि ४३ जणांचा मृत्यू झाला. पुलाचे नाव पोल्चेव्हेरा व्हायडक्ट. पण जगभर तो त्याच्या अभियंत्याच्या नावाने, मोरांडी पूल म्हणूनच ओळखला गेला. रिकार्डो मोरांडी यांचे निधन त्याआधी जवळपास २९ वर्षे झाले होते. दुर्घटनेनंतर पहिले बोट त्यांच्या रचनेकडेच दाखवले गेले. मात्र समुद्री हवेचा या पुलाला धोका आहे, हे सुमारे चार दशके आधी लिहून ठेवणारेही मोरांडीच होते.

मोरांडी कोण होते?

रिकार्डो मोरांडी यांचा जन्म १ सप्टेंबर १९०२ रोजी रोममध्ये झाला. १९२७ मध्ये त्यांनी रोममधूनच अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्यानंतर त्यांनी काम केले ते इटलीच्या दक्षिण टोकाच्या कालाब्रिया प्रांतात. १९०८ च्या मेसिना भूकंपाने हा भाग उद्ध्वस्त केला होता. तेथील पडझड झालेल्या इमारतींच्या पुनर्बांधणीत तरुण मोरांडी सहभागी झाले. रोमला परतल्यावर त्यांनी स्वतःचे कार्यालय थाटले आणि प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटमध्ये प्रावीण्य मिळवले. या तंत्रातील पेटंटही त्यांच्या नावावर आहेत.

प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट म्हणजे काय?

काँक्रीट दाब सहन करते, पण ताण आला की त्याला तडे जातात. म्हणून आतून पोलादी तारा ओढून घट्ट बांधतात आणि काँक्रीट आधीच दाबून ठेवतात. नंतर भार आला तरी ताण येण्याऐवजी आधीचा दाब फक्त कमी होतो. त्यामुळे कमी साहित्यात लांब गाळे टाकता येतात. युद्धानंतर पोलाद महाग आणि मजूर स्वस्त असलेल्या इटलीला हे तंत्र सोयीचे होते. दक्षिण आफ्रिकेत १९५६ मध्ये झालेल्या स्टॉर्म्स नदीवरील पुलासाठी मोरांडी यांनी कमानीचे दोन अर्धे भाग दोन्ही काठांवर उभे बांधले आणि मग दरीवर झुकवून एकमेकांना जोडले. कालाब्रियातील कातान्झारो येथे १९६२ मध्ये त्यांची २३१ मीटरची काँक्रीट कमान उभी राहिली.

माराकाइबोचा पूल का महत्त्वाचा?

व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवरावरील, साडेआठ किलोमीटरहून लांब पुलाने मोरांडी यांना जागतिक कीर्ती मिळवून दिली. स्पर्धेत आलेल्या प्रस्तावांपैकी काँक्रीटचा प्रस्ताव फक्त त्यांचाच होता. दमट, खाऱ्या हवेत पोलादी पुलाची देखभाल महाग पडेल, हा मुद्दा त्यांच्या बाजूने गेला. सरोवराच्या तळाशी मऊ गाळ आणि त्यात भूकंपाची शक्यता होती. म्हणून त्यांनी प्रत्येक मनोरा, त्याच्या दोन्ही बाजूंचा रस्ता आणि तो पेलणाऱ्या केबल हा एक स्वतंत्र संच ठेवला. दोन संचांच्या मध्ये केवळ टेकवलेली तुळई. एखादा पाया थोडा खचला तरी शेजारच्या संचावर ताण येऊ नये, हा त्यामागचा हिशेब. मुख्य गाळे प्रत्येकी २३५ मीटरचे होते. हा पूल १९६२ मध्ये खुला झाला.

लिग्युरियात महामार्ग बांधणे इतके कठीण का?

सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये कोकणची पट्टी तरी आहे. लिग्युरियात अपेनाइन आणि आल्प्सच्या रांगा जवळपास थेट समुद्रात उतरतात. जी थोडी सपाटी आहे, तिच्यावर शहरे, बंदरे, रेल्वे आणि कारखाने आधीच बसलेले. त्यामुळे जिनोआहून फ्रान्सच्या सीमेकडे जाणारा ए-१० महामार्ग डोंगराच्या कुशीतून न्यावा लागला. बोगद्यातून बाहेर पडताच पूल आणि पूल संपताच पुन्हा बोगदा, असा हा मार्ग १९७१ मध्ये पूर्ण झाला. या भागातील उतार तीव्र आणि पाऊस जोरदार, त्यामुळे दरडी नेहमीच्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये साव्होनाजवळ ए-६ महामार्गावरील पुलाचा सुमारे ३० मीटरचा भाग अशाच दरडीने वाहून नेला.

याच ए-१० ला जिनोआत पोल्चेव्हेरा नदीची दरी ओलांडून उत्तरेकडील ए-७ महामार्गाला जोडायचे होते. खाली नदी, रेल्वेचे यार्ड, कारखाने आणि राहत्या इमारती होत्या. खांब टेकवायला जागा मोजकीच होती.

मोरांडी यांनी त्यावर काय तोडगा काढला?

माराकाइबोचेच सूत्र त्यांनी येथे वापरले. १,१८२ मीटर लांबीच्या पुलात सुमारे ९० मीटर उंचीचे तीन मनोरे, जमिनीपासून ४५ मीटरवर रस्ता आणि २१० मीटरपर्यंतचे गाळे. ४ सप्टेंबर १९६७ रोजी राष्ट्राध्यक्ष ज्युसेप्पे सारागात यांच्या उपस्थितीत पुलाचे उद्घाटन झाले.

एक बदल मात्र निर्णायक ठरला. माराकाइबोत केबल उघड्या होत्या. जिनोआत मोरांडी यांनी त्यांवर प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचे कवच चढवले. कवचामुळे केबल ताठ राहतील, वाहतुकीच्या हादऱ्यांनी कमी थकतील आणि गंजापासून वाचतील, असे त्यामागचे गणित होते. प्रत्येक मनोऱ्याला अशा चारच काँक्रीटच्या केबल होत्या.

मग उणीव कुठे राहिली?

दोन ठिकाणी. जमीन खचली तरी चालेल, म्हणून संच स्वतंत्र ठेवले. पण त्यामुळे एक केबल तुटली तर तिचा भार घेणारे दुसरे कोणी नव्हते. दुसरे म्हणजे, कवचाच्या आत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नव्हते. आत पोकळी राहिली आणि तिथपर्यंत ओल पोहोचली, तर पोलाद गंजत राहते आणि वरचे काँक्रीट धडधाकट दिसते.

माराकाइबोशी तुलना केली तर हा फरक स्पष्ट होतो. तेथेही केबल गंजल्या आणि १९७९ मध्ये त्या तुटू लागल्याचे आढळले. पण त्या उघड्या असल्याने बिघाड दिसला, नंतर सर्व केबल बदलता आल्या. तो पूल आजही वापरात आहे.

मोरांडी यांनी कोणता इशारा दिला होता?

१९७९ मध्येच मोरांडी यांनी पोल्चेव्हेरा पुलाच्या अवस्थेवर लेखन केले. समुद्राकडून येणारी खारी हवा आणि जवळच्या पोलाद कारखान्यांचा धूर यांच्या माऱ्याने काँक्रीटचा पृष्ठभाग अपेक्षेपेक्षा लवकर झिजत असल्याचे त्यांनी नोंदवले. गंज काढणे, उघडे पडलेले भाग रेझिनने भरणे आणि वरून संरक्षक थर देणे, असे उपायही सुचवले. २५ डिसेंबर १९८९ रोजी त्यांचे रोममध्ये निधन झाले. त्यानंतर काही वर्षांतच ११ क्रमांकाच्या मनोऱ्याच्या केबल आतून गंजल्याचे आढळले आणि बाहेरून नव्या पोलादी केबल बसवून त्याला आधार देण्यात आला.

पूल का कोसळला?

कोसळला तो ९ क्रमांकाचा मनोरा. त्याला असा आधार मिळाला नव्हता. ९ आणि १० क्रमांकांच्या मनोऱ्यांच्या मजबुतीचे काम २०१८ मध्ये निविदेच्या टप्प्यावर होते. तोवर वाहतूक वर्षाला सुमारे अडीच कोटी वाहनांवर गेली होती. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२० च्या अखेरीस दिलेल्या अहवालात याच मनोऱ्याच्या एका केबलच्या वरच्या भागातील गंज हे दुर्घटनेचे मूळ ठरवले. देखभालीची जबाबदारी कोणाची, यावरचा खटला जुलै २०२२ मध्ये सुरू झाला.

त्यामुळे मोरांडी यांना सरसकट दोषी किंवा निर्दोष ठरवणे अवघड आहे. दुरुस्तीला वाव न ठेवणारी रचना त्यांची होती. पण तिचे दुखणे त्यांनी हयातीत सांगितले होते आणि त्यांच्या मृत्यूनंतर ते ११ क्रमांकाच्या मनोऱ्यात प्रत्यक्ष सापडलेही होते. उरलेल्या मनोऱ्यांसाठी २५ वर्षे हातात होती.

नव्या पुलात काय बदलले?

त्याच जागी वास्तुरचनाकार रेन्झो पियानो यांच्या संकल्पनेतून उभारलेला सॅन जॉर्जो पूल ऑगस्ट २०२० मध्ये खुला झाला. त्याला उंच मनोरे नाहीत, केबल नाहीत. १८ खांबांवर सलग पोलादी डेक आहे. खारी ओल साचू नये म्हणून आतली हवा कोरडी ठेवणारी यंत्रणा आहे आणि तपासणीसाठी पुलाच्या बाजूने फिरणारे रोबो आहेत. पोलाद समुद्राजवळ गंजणारच, हे येथे गृहीत धरले आहे आणि त्यावर लक्ष ठेवण्याची सोय पुलाच्या आराखड्यातच केली आहे.