सातारच्या गणिताच्या मास्तरांनी तासगावच्या शेतकऱ्याला द्राक्षाचं गणित शिकवलं

वाईन म्हटलं की आपण थेट नाशिक गाठतो. पण राज्याने २००१ मध्ये वाईनसाठी वेगळं धोरण आणलं, तेव्हा वाईन पार्कसाठी दोन नावं पुढे आली. एक नाशिकमधलं विंचूर आणि दुसरं सांगली जिल्ह्यातलं पलूस.

आता पलूसच का? कारण शेजारचा तासगाव तालुका तेव्हा द्राक्षात मुरलेला होता. आणि तासगावच्या द्राक्षाचा विषय निघाला की जुने बागायतदार एक नाव हमखास घेतात, श्रीपाद अच्युत दाभोलकर.

दाभोलकर म्हटल्यावर तुम्हाला डॉ. नरेंद्र दाभोलकर आठवले असतील. तेच घर. साताऱ्याच्या या घरात दहा भावंडं. थोरले देवदत्त पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. नरेंद्र सगळ्यात धाकटे. श्रीपाद यांचा जन्म १९२४ चा, म्हणजे नरेंद्र यांच्याहून ते एकवीस वर्षांनी मोठे.

श्रीपाद दाभोलकर गणिताचे प्राध्यापक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ते शिकवायचे. शेतीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पण गणिताच्या माणसाला एक खोड असते, कुणी सांगितलं म्हणून तो मानत नाही, करून बघतो.

साठच्या दशकात त्यांनी हीच खोड शेतकऱ्यांना लावली आणि त्यातून प्रयोग परिवार उभा राहिला. या परिवाराला ना मोठं ऑफिस होतं, ना साहेब. शेतकऱ्याने आपल्या रानात प्रयोग करायचा, काय केलं आणि काय झालं ते लिहून ठेवायचं, आणि पत्रातून किंवा बैठकीत दुसऱ्याला सांगायचं. फसलेला प्रयोगही लपवायचा नाही. आज आपण व्हॉट्सॲप ग्रुपवर करतो ते काम तेव्हा पोस्टमन करत होता.

द्राक्षात याची गरज जास्त होती. कारण द्राक्षबाग म्हणजे जुगारच. मांडव, तारा, खतं, औषधं असा सगळा खर्च आधी होतो आणि पैसे मागून येतात. एक अवकाळी पाऊस आला की वर्ष बुडालं आणि कर्ज डोक्यावर. तासगावसारख्या कमी पावसाच्या भागात पाण्याची चिंता आणखी वेगळी.

त्यात युरोपातली पुस्तकं इथे जशीच्या तशी चालत नाहीत. तिकडे थंडीत वेल झोपी जाते. आपल्याकडे ती वर्षभर हिरवी राहते. म्हणून आपण वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, त्यात पुढच्या घडांची तयारी काडीत होते. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, त्यातून माल येतो.

दाभोलकरांचं म्हणणं साधं होतं. पान म्हणजे उन्हाचा कारखाना. वेलीवर पानं किती, त्यांना ऊन किती मिळतं आणि त्यावर घड किती पोसले जातील, याचा हिशोब शेतकऱ्याने स्वतः मांडावा. घड वाढवण्याआधी पानं मोजावीत आणि पाणी मुळांच्या गरजेइतकंच द्यावं. हा हिशोब जमला की शेतकरी सल्ल्यासाठी कुणाच्या दारात उभा राहत नाही.

याच मातीत बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवड करून तास-ए-गणेश हे वाण दिलं. म्हणजे शेतकऱ्याचं निरीक्षण काय करू शकतं, याचा पुरावा गावातच होता.

पुढे दाभोलकर द्राक्षापुरते थांबले नाहीत. दहा गुंठ्यांत म्हणजे पाव एकरात एक कुटुंब नीट जगू शकतं, हा त्यांचा विचार गाजला. शहरातल्या गच्चीवर भाजीपाला पिकवणाऱ्यांनीही त्यांची पद्धत उचलली. विपुलाच सृष्टी हे त्यांचं पुस्तक आजही नैसर्गिक शेतीवाले शोधत असतात.

२००१ मध्ये ते गेले. त्याच वर्षी वाईनचं धोरण आलं.

मग सांगलीची वाईन नाशिकसारखी का गाजली नाही? एक कारण द्राक्षातच आहे. तासगावात मुख्यतः खायची आणि बेदाण्याची बिनबियांची द्राक्षं. वाईनची द्राक्षं लहान, जाड सालीची आणि बियांची असतात. बाजारात माल पडला तर खायच्या द्राक्षाचा बेदाणा तरी होतो. वाईनच्या द्राक्षाला वायनरीने नाही म्हटलं, की शेतकऱ्याकडे दुसरी वाट फारशी उरत नाही.

अशा वेळी दाभोलकरांची सवय उपयोगी पडते. नवीन वाण आलं की सगळी बाग बदलायची नाही. आधी काही गुंठ्यांत लावायचं, हिशोब लिहायचा, शेजाऱ्याला दाखवायचा आणि मगच पुढचं पाऊल टाकायचं.

सांगलीचा बेदाणा आज देशभर जातो. पुढच्या वेळी खिरीत तो दिसला, तर सातारच्या या मास्तरांची आठवण नक्की काढा.